समूहातील कंपन्यांचे हिशेब जुळवताना

एकाच समूहातील अनेक कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या वरिष्ठ लेखापालाने आंतरकंपनी येणे-देणे तपासण्यासाठी महिनाअखेरीची वाट पाहू नये. प्रत्येक कंपनीची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकींची यादी, स्वतंत्रपणे जुळते आणि तरीही एकत्रित ताळेबंद अडतो, तेव्हा दोष बहुधा याच खात्यांत सापडतो. म्हणून 20 तारखेच्या सुमारासच दोन-दोन कंपन्यांचे खातेउतारे समोरासमोर ठेवावेत. त्यासाठी सर्व कंपन्यांची खातेसूची एकच असावी आणि समूहातील प्रत्येक कंपनीच्या नावाचे खाते बाहेरच्या ग्राहक-पुरवठादारांपासून वेगळे ठेवावे.

फरक निघाला की आधी त्याचे कारण शोधावे. एकीने माल पाठवून विक्री नोंदवली, पण तो वाटेतच असल्याने दुसरीने खरेदी नोंदवली नाही, हे नेहमीचे कारण. एकीने आकारलेले व्यवस्थापन शुल्क दुसरीच्या खतावणीत न उतरणे, हे दुसरे. फरक किरकोळ असला तरी तो सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमा तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्यात, टाकू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण परस्परविरुद्ध दिशेच्या दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकतात तेव्हाही उरणारी रक्कम किरकोळच दिसते.

शिल्लक मालातील नफा अधिक काळजीने पाहावा लागतो. समजा, एका कंपनीने 80 ला पडलेला माल दुसरीला 100 ला विकला आणि वर्षअखेर त्यातला 40 चा माल दुसरीच्या गोदामात पडून आहे. समूहाच्या दृष्टीने त्याची किंमत 32 च आहे. उरलेला 8 चा नफा अजून बाहेरच्या ग्राहकाकडून मिळालेला नाही, म्हणून तो एकत्रीकरणात वगळावा लागतो.

उपकंपनीचे चलन वेगळे असल्यास आंतरराष्ट्रीय लेखा मानक 21 नुसार मालमत्ता व देणी अखेरच्या दिवसाच्या दराने आणि उत्पन्न-खर्च व्यवहाराच्या दिवशीच्या दराने रूपांतरित करावेत. दरात मोठे चढउतार नसतील तर सरासरी दर चालतो.

एकत्रीकरणाच्या या नोंदी कोणत्याच कंपनीच्या वहीत राहत नाहीत. त्यामुळे कारणासह त्यांचा स्वतंत्र तक्ता जपून ठेवावा आणि पुढील वर्षाचे काम सुरू करताना मागील वर्षी वगळलेला नफा सुरुवातीच्या राखीव नफ्यातून आधी वजा करून घ्यावा.