ब्लोअरमध्ये कचरा अडकलाय? या चुका टाळा

गाडीच्या एसीचा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, एकवर ठेवला की टकटक, तीनवर नेला की फडफड, बंद केला की सगळं शांत. असा आवाज सुरू झाला की बहुतेक जण ब्लोअर फुल करून ठेवतात, काय असेल ते उडून जाईल म्हणून. ते जात नाही. हा पंखा डब्यासारखा गोल असतो, कडेने बारीक उभ्या पात्या असतात. तो मधल्या तोंडातून हवा ओढतो आणि कडेने फेकतो. आत पडलेलं पान एकतर त्या गोलातच फिरत राहतं, नाहीतर त्याचे तुकडे होऊन पुढे सरकतात. पुढे असते एसीची कूलिंग कॉइल. तिच्या ओल्या, दाट पत्र्यांत पाचोळा चिकटला तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवण्यापर्यंत वेळ येते. म्हणून कचरा ज्या तोंडातून आत आला, त्याच तोंडातून बाहेर काढायचा.

गॅरेजमधली हवेची गन नेमकं उलटं करते. व्हेंटमधून हवा मारली की धुळीचा लोट उडतो, गिऱ्हाईक खूश होतं, पान मात्र जागेवरच असतं. गन थेट पंख्यावर मारली तर तो भलत्याच वेगाने गरगरतो आणि बुशची, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या भागाची, वाट लागते. त्यापेक्षा व्हॅक्युमची नळी लावा, आणि तेव्हाही पंखा बोटाने धरून ठेवा.

आधी आवाज ओळखा

इंजिन बंद, इग्निशन ऑन, आणि ब्लोअर एकेक पायरी वाढवत जा. आवाज त्याबरोबर बदलला तर दोष ब्लोअरचाच. पानाचा आवाज कोरडा असतो आणि अचानक सुरू होतो. गाडी थंड असताना किरकिर, मग हळूहळू कमी, असं असेल तर बुश सुकलाय; कितीही साफ केलं तरी ते जाणार नाही, बहुतेक वेळा मोटरच बदलावी लागते. फक्त फुल स्पीड चालतो आणि खालचे बंद, हे लक्षण रेझिस्टरचं, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणाऱ्या भागाचं. पण तो बदलताना पंखाही बघून घ्या. रेझिस्टर ब्लोअरच्याच हवेने थंड राहतो. हवा अडली की नवाही जळू शकतो.

सर्व्हिसिंग करून गाडी आणली आणि त्याच दिवशी आवाज सुरू झाला, ही तक्रार फार ऐकू येते. कारण साधं आहे. बऱ्याच गाड्यांत केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, पंख्याच्या डोक्यावर आडवा बसवलेला असतो. तो घाईत तिरका ओढला की वर साठलेला पाचोळा घसरून थेट पंख्यात. आधी दिसतो तेवढा कचरा व्हॅक्युमने ओढा, मग फिल्टर आडवाच ठेवून हळू बाहेर सरकवा. काही स्वस्त व्हेरियंटमध्ये तर फिल्टर नसतोच, नुसती रिकामी खाच असते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

मोटर उतरवताना

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर डावीकडे, ग्लव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. इग्निशन बंद करा. कपलर, म्हणजे वायरीचा जोड, वायरला धरून ओढू नका, त्याचं लॉक दाबून सोडवा. पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा समजा आणि त्याच्या वाटेला जाऊ नका. मोटर बहुधा तीन स्क्रूंवर असते. शेवटचा स्क्रू काढताना खालून हाताचा आधार द्या, नाहीतर ती पायाशी आपटते आणि पात्या तुटतात.

पंखा हातात आला की एखाद्या पातीवर चिमुकली धातूची क्लिप दिसू शकते. ती कुठून तरी येऊन अडकलेली वाटते, आणि लोक पकडीने ओढून फेकून देतात. ती बॅलन्सची क्लिप असते, कारखान्यातच लावलेली. ती गेली की पान निघूनही डॅशबोर्ड घुं घुं थरथरतो. पात्यांमधली धूळ जुन्या टूथब्रशने झाडा. मोटरवर पाणी नको, आणि तेलाचा स्प्रे तर नकोच: त्यावर धूळ आणखी चिकटते.

आत कापूस, कागदाचे कपटे, शेंगांची टरफलं निघाली तर उंदराने घर केलंय. ते कोरडं झाडू नका. मास्क, हातमोजे घाला, जंतुनाशक फवारून ओलं करा, मग उचला; लेप्टोचा ताप उंदराच्या मुतातूनही पसरतो. उंदीर येऊ नये म्हणून पुढच्या काचेखालच्या जाळीत तंबाखू किंवा डांबरगोळ्या ठेवायचा उपाय मात्र भयंकर आहे. केबिनची हवा तिथूनच येते. तंबाखूचा चुरा पंख्यात पडतो आणि डांबरगोळीची वाफ तुमच्या नाकात.

पान पुन्हा येतंच

पंखा स्वच्छ केला आणि बॉनेट उघडलंच नाही, तर काम अर्धंच झालं. काचेखालच्या काळ्या जाळीत, म्हणजे काऊलमध्ये, पाचोळा साठतो. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांना हा त्रास जास्त, कारण त्याची बारकी पानं जाळीतून सहज आत उतरतात. काऊलचा निचरा तुंबला तर पावसाचं पाणी डाव्या सीटच्या पायाशी येतं. मात्र पाऊस नसताना, एसी चालू असतानाच पाणी येत असेल, तर तुंबलाय तो कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर सोडणारा ड्रेन पाइप.

काऊलच्या आतून तारेची जाळी लावायला हरकत नाही. भोकं 5 ते 6 मिलिमीटरची ठेवा. डासांची जाळी कापून लावू नका. ती धुळीने बुजते, हवा कमी होते, आणि भर पावसात घाटात काचेवरची वाफ हटत नाही.