एफएमजीईच्या तीन वाऱ्या आणि मधले १४७ मार्क

एफएमजीई म्हणजे परदेशात डॉक्टरी शिकून आलेल्यांना भारतात प्रॅक्टिससाठी पास व्हावी लागणारी परीक्षा. मार्क ३००, पास व्हायला १५०. माझे मार्क: जुलै २०२४ ला १३८. जानेवारी २०२५ ला १४७. जुलै २०२५ ला १६८.

१३८ चं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून डॉक्टरी शिकून परत आल्यावर एपोस्टिल (परदेशात चालणारा कागदपत्रांवरचा शिक्का), पात्रता प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्टवरच्या नावाचं स्पेलिंग यांच्यामागे धावण्यातच चार महिने गेले होते. अभ्यास झालाच नव्हता, त्यामुळे नापास होणं हिशेबात बसत होतं. पण १४७ च्या वेळी मी दिवसाला अकरा तास बसले होते. मॉकला ८० टक्क्यांच्या वर होते. रिझल्टची पीडीएफ उघडली तेव्हा बाबा शेजारीच होते. ते एसटीत कंडक्टर होते, आकडे पटकन वाचतात. म्हणाले, "तीनच कमी आहेत ना, मग पेपर परत तपासायला सांगू." तसं काही नसतं, हे त्यांना समजावताना माझं रडू आवरलं, एवढाच काय तो फायदा.

परीक्षेचा बाकी आराखडा तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. ज्या खड्ड्यात मी पडले त्याबद्दलच लिहिणार आहे, आणि तेही जरा जास्तच लिहिणार आहे, कारण मला कुणी ते नीट सांगितलं नव्हतं.

तो खड्डा म्हणजे प्रश्न ओळखीचा असणं आणि उत्तर येणं यातला फरक.

पहिल्यांदा नापास झाल्यावर मी कोचिंगसाठी दिल्लीत गौतम नगरला गेले. तिथे एका खोलीत तिघी, खाली चहाची टपरी, वर लायब्ररी. सगळीकडे एकच मंत्र: "रिकॉल कर, रिकॉलमधूनच येतं." मागच्या सत्रांत बसलेल्या मुलांनी आठवून आठवून लिहिलेले प्रश्न टेलिग्रामवर फिरत असतात. मुळात पेपरमधले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत, अशी अट आपण सगळ्यांनीच मान्य केलेली असते, ते तूर्त बाजूला ठेवू. मी ते सगळे रिकॉल तीनदा केले. क्यू-बँकेचे, म्हणजे सरावाच्या प्रश्नसंचाचे, दोन राउंड झाले. दुसऱ्या राउंडला ८४ टक्के आले आणि मी घरी फोन करून सांगितलं, या वेळी होतंय.

ते ८४ टक्के खोटे होते. तेच प्रश्न दुसऱ्यांदा सोडवताना मेंदू मेडिसिन आठवत नसतो. या प्रश्नाखाली "सी" ला हिरवी खूण होती, एवढंच त्याला आठवत असतं.

हे मला कळलं ते १४७ नंतर, एका फोनवर. बिश्केकमधली माझी रूममेट लातूरची. ती पहिल्याच झटक्यात पास होऊन इंटर्नशिप करत होती. तिने रात्री साडेदहाला फोन केला आणि म्हणाली, पर्याय न देता प्रश्न विचारते. चार आठवड्यांचा मुलगा, दूध पाजलं की जोरात उलटी, उलटीत पित्त नाही, पोटाला हात लावला की ऑलिव्हसारखी गाठ. मी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. "पायलोरिक स्टेनोसिस, रॅमस्टेड." म्हणजे जठराचं खालचं तोंड अरुंद होणं, आणि त्यावरचं ऑपरेशन. ती म्हणाली, "मी निदान विचारलंच नाही. बाळ आत्ता कॅज्युअल्टीत आलंय, डोळे खोल गेलेत. सगळ्यात आधी काय करशील?" मी परत म्हणाले, "ऑपरेशन." ती हसली. "मग गेलं तुझं बाळ. उलट्यांनी क्लोराइड आणि पोटॅशियम उतरलंय, अल्कलोसिस आहे. तसंच भूल दिलीस तर नंतर श्वास थांबू शकतो. आधी सलाइन, इलेक्ट्रोलाइट्स सुधारायचे, मग सर्जन. इथे घाई ड्रिपची असते, चाकूची नाही."

मला हे सगळं माहीत होतं. हायपोक्लोरेमिक, हायपोकॅलेमिक, मेटाबॉलिक अल्कलोसिस (क्लोराइड कमी, पोटॅशियम कमी, रक्त अल्कधर्मी झालेलं) हे शब्द मी झोपेतही म्हणाले असते. पण "ऑलिव्ह" शब्द कानावर पडला की हात थेट रॅमस्टेडच्या पर्यायावर जायचा, कारण रिकॉलमध्ये तेच उत्तर होतं. प्रश्नातला शेवटचा शब्द बदलला की मी संपले. आणि पेपर काढणारे नेमका तोच शब्द बदलतात: "सर्वात संभाव्य निदान", "पुढची पायरी", "खात्रीची तपासणी", "पहिला उपचार". केस तीच, उत्तरं चार. त्या रात्री तिने असे वीस प्रश्न विचारले. पर्यायांशिवाय मला सात आले.

विसात सात. आणि मी स्वतःला ८४ टक्क्यांची समजत होते.

तुमच्याकडे पंधरा दिवस असोत की सहा महिने, आधी ही चाचणी घ्या. कुणाला तरी पर्याय झाकून प्रश्न वाचायला सांगा. एकटे असाल तर स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागावर वही ठेवा, उत्तर मनात म्हणा आणि मगच वही काढा. पहिल्या दिवशी अपमान वाटेल. वाटू द्या, परीक्षा हॉलपेक्षा तो घरी झालेला बरा.

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. प्रश्न वाचताना आधी शेवटची ओळ वाचायची आणि मग केस. बरोबर आलेल्या प्रश्नातही उरलेले तीन पर्याय का चूक, हे एकेका ओळीत तोंडाने म्हणायचं. त्यामुळे वेग निम्म्यावर आला, दिवसाला २०० प्रश्नांऐवजी ८०-९० व्हायला लागले, आणि पहिले दोन आठवडे मी रोज घाबरत होते. आणि एक वही केली, चुकांची. त्यात नोट्स लिहायच्या नाहीत, फक्त चूक कशी झाली ते लिहायचं: माहीतच नव्हतं, की माहीत असून घाईत वाचलं, की दोघांत अडकून चुकीचं निवडलं. महिनाभराने मोजलं तर निम्म्याहून जास्त चुका मधल्या प्रकारच्या. म्हणजे मला आणखी व्हिडिओ लेक्चर नको होती. नव्या व्हिडिओ पॅकेजसाठी बाबांकडे पैसे मागायचं माझं जवळजवळ ठरलं होतं, ते त्या वहीमुळे टळलं.

शिवाय एखादी पूर्ण टेस्ट सिरीज शेवटच्या महिन्यापर्यंत उघडूच नका. न पाहिलेल्या प्रश्नांवर जे मार्क पडतात तेच तुमचे.

आता जरा धीराचं. पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) ३०, ओबीजी (प्रसूती आणि स्त्रीरोग) ३०, मेडिसिन ३३, सर्जरी ३२. त्यात पीडियाट्रिक्स, ऑप्थॅल्मॉलॉजी (डोळे) आणि ईएनटी प्रत्येकी १५ घाला. हे सात विषय मिळून १७० मार्क होतात. त्यांत ७० टक्के आले तर ११९. मग उरलेल्या १३० मधून फक्त ३१ लागतात. निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पर्याय चार, म्हणजे नुसत्या अंदाजानेही तिथे ३२ च्या आसपास पडायला हवेत. रात्री झोप लागत नसेल तेव्हा ही बेरीज करा, मी करायचे. पण हिला प्लॅन समजू नका. अंदाज कधी चाळीस देतो, कधी पंचवीस, आणि आपण कुठल्या बाजूला पडणार ते रिझल्टच्या दिवशीच कळतं. "बायोकेम सोडून दे" म्हणणाऱ्यांचा मला राग आहे तो यासाठीच. १७ मार्कांचा विषय आहे. व्हिटॅमिन्स, एन्झाइमच्या कमतरता, ग्लायकोजेन स्टोअरेज एवढं तरी करा.

पीएसएमला आपण बाहेर शिकलेले सगळ्यात जास्त मार खातो, कारण तो विषय भारताचा आहे आणि तिकडे तो कुणी शिकवलेलाच नसतो. इथे जुन्या नोट्स घातक ठरतात. माझ्याकडच्या सीनिअरच्या वहीत पोलिओच्या इंजेक्शनचे, म्हणजे एफआयपीव्हीचे, दोनच डोस होते, सहा आणि चौदा आठवड्यांचे. जानेवारी २०२३ पासून नऊ महिन्यांचा तिसरा डोस आला, तो त्या वहीला माहीत नव्हता. धनुर्वाताच्या टीटी लशीच्या जागी टीडी आलं, क्षयरोग कार्यक्रमाचं नाव आरएनटीसीपीचं एनटीईपी झालं. वहीवर साल लिहिलेलं नसेल तर ती वही घेऊ नका, अक्षर कितीही मोत्यासारखं असो.

फॉरेन्सिकचंही (न्यायवैद्यक) तसंच, आणि तो किस्सा सांगायलाच हवा. तिसऱ्या वेळी मी दिल्ली सोडून पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसत होते. सगळी एमपीएससीची पोरं, मी एकटीच ही असली. शेजारच्या टेबलावर बीडची एक मुलगी होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने माझी वही पाहिली: ३०२, ३०४-ए, ३०४-बी, ३७५. म्हणाली, "ताई, आयपीसी १ जुलै २०२४ लाच गेलं की. तुम्ही अजून त्यातच?" तिने माझ्याच पेनाने शेजारी नव्या भारतीय न्याय संहितेची कलमं लिहून दिली: खून १०३, निष्काळजीपणाने मृत्यू १०६, हुंडाबळी ८०, बलात्काराची व्याख्या ६३. मग म्हणाली, पोलिसांचा इन्क्वेस्ट, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी, पूर्वी सीआरपीसी या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या १७४ खाली व्हायचा, आता त्याजागी आलेल्या बीएनएसएसच्या १९४ खाली. दहा मिनिटांत, भाजी-भाकरी खाता खाता. तेवढ्यासाठी मी दिल्लीत पैसे भरले होते.

यावरून मेंटॉरचा विषय. मागच्या सत्रात १५२ मिळालेला मुलगा पुढच्या सत्रात "मेंटॉर" होतो, महिन्याला पैसे घेतो आणि रोज सकाळी "गुड मॉर्निंग चॅम्प" पाठवतो. माझाही एक होता. त्याने मला टाइमटेबल दिलं, एकोणीस विषय चाळीस दिवसांत. तेच टाइमटेबल माझ्या दिल्लीतल्या रूममेटला, तेच आणखी तिघींना. मी कुठे चुकते, हे त्याने एकदाही विचारलं नाही. आता माझं मत पक्कं झालंय: तुमची चुकांची वही बघायला मागणारा माणूस मेंटॉर, बाकी सगळे टाइमटेबल विकणारे. असा माणूस बहुधा फुकटच सापडतो, रात्री साडेदहाला फोन करणारा.

परीक्षेच्या दिवसाबद्दल थोडं. पेपरचे दोन भाग, सकाळी एक आणि दुपारी एक. आता प्रत्येक भागात ५०-५० प्रश्नांचे तीन सेक्शन असतात, प्रत्येकाला ५० मिनिटं, आणि वेळ संपली की मागे जाता येत नाही. "अवघड प्रश्न शेवटी बघू" हे जुनं तंत्र फक्त त्या सेक्शनपुरतं चालतं. शेवटची तीन मिनिटं राहिली की सोडवणं थांबवा आणि रिकामे राहिलेले गोल भरा. जानेवारी २०२५ ला एका सेक्शनमध्ये माझे चार प्रश्न कोरे राहिले होते. मला कमी पडले तीन. हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही.

आणि दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत सेंटरच्या गेटबाहेर थांबू नका. तिथे घोळका असतो, "तुझं ते थायरॉइडचं काय आलं?" सुरू होतं. मी त्यात उभी राहिले, पाच उत्तरं चुकली असं कळलं आणि दुपारी पहिल्या सेक्शनभर त्या पाचांचाच विचार करत बसले. त्या पाचांतली दोन माझी बरोबर होती, हे नंतर पुस्तकात पाहिलं. तिसऱ्या वेळी मी डबा घेऊन लांब एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, फोन बंद. आईने धपाटे दिले होते, दह्याबरोबर. अर्धा तास डोळे मिटून पडून राहिले.

ज्यांचे आत्ता १४० च्या घरात अडकले आहेत त्यांच्यासाठी: तुम्ही मठ्ठ नाही. बहुतेक सत्रांत फार थोडे लोक पार होतात, आणि १४० पर्यंत पोचलेल्याला विषय येत असतो. मावशी विचारणार, "डॉक्टर झालीस ना, मग अजून परीक्षा कसली?" तिला उत्तर द्यायची गरज नाही. पण रिझल्टनंतरचा आठवडा झोपण्यात घालवा, नवं काही विकत घेण्यात नाही. जाहिराती नेमक्या त्याच आठवड्यात येतात.

माझी चुकांची वही सध्या जिंतूरच्या एका ज्युनिअरकडे आहे. परवा तिचा मेसेज आला, "ताई, नवीन रिकॉलची पीडीएफ आहे का?" मी तिला पीडीएफ पाठवली नाही. चार आठवड्यांचा मुलगा, दूध पाजलं की जोरात उलटी, एवढं लिहून पाठवलं, खाली पर्याय न देता. अजून उत्तर आलेलं नाही, पण दोन निळ्या खुणा दिसतायत.