पॅरिसच्या जुन्या तलवारशाळेचा इतिहास कसा धुंडाळावा

एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये लेखक-चित्रकारांचा राबता असलेल्या तलवारशाळांचा इतिहास शोधणाऱ्याने ‘क्लब’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा. अशा जागेला फ्रेंचमध्ये ‘साल दार्म’ म्हणत आणि ती पुष्कळशी आपल्या तालमीसारखी, वस्तादाच्या नावावर चाले; म्हणून फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या डिजिटल संग्रहात शाळेऐवजी वस्तादाचे नाव टाकून पाहावे.

उदाहरणादाखल ऑग्युस्तँ ग्रिझिए घ्यावा. तलवार आणि द्वंद्व या विषयावरील त्याचा ग्रंथ १८४७ साली निघाला व त्याला प्रस्तावना लिहिली ती अलेक्झांद्र द्युमाने. त्याआधी, १८४० मध्ये, द्युमाने ग्रिझिएच्या रशियातील वास्तव्यावर कादंबरीच रचली होती. दोन्ही वाचावेत, पण कादंबरीतील प्रसंग पुरावा म्हणून टिपून घेऊ नयेत. वस्ताद आणि लेखक यांची किती घसट होती, एवढेच तिच्यावरून खात्रीने म्हणता येते.

चित्रांबाबत अधिक सावध राहावे. ओरास व्हेर्ने याने १८२० च्या सुमारास रंगवलेल्या आपल्या चित्रशाळेच्या दृश्यात तो स्वतः शिष्याशी तलवारीचे हात करतो आहे, आणि त्याच खोलीत मुष्टियोद्धे आहेत, घोडाही आहे. गंमत खरी, परंतु ती चित्रशाळा आहे, तलवारशाळा नव्हे.

मग हत्यार ओळखावे, कारण नवखा अभ्यासक इथेच हमखास चुकतो. फॉइल हे सरावाचे हलके हत्यार असून त्यात फक्त धडावरचा स्पर्श धरला जातो, तर द्वंद्वाच्या तलवारीपुढे हात-पाय-चेहरा सगळेच उघडे असते. त्यामुळे शाळेत नावाजलेला गडी द्वंद्वाच्या मैदानातही भारी ठरेलच, असे गृहीत धरू नये.

मैदानाची खबर मिळते ती साक्षीदारांच्या सहीनिशी तयार होणाऱ्या वृत्तान्तांतून, आणि माझ्या मते कादंबऱ्यांपेक्षा हे रूक्ष कागदच जास्त बोलके असतात. २३ फेब्रुवारी १८७० रोजी सँ-जेर्मँच्या अरण्यात चित्रकार एद्वार माने आणि समीक्षक द्युराँती समोरासमोर आले. माने याच्या बाजूने साक्षीदार होता कादंबरीकार एमिल झोला. एकच झटापट झाली, ती इतकी जोरकस की दोन्ही पाती वाकली, आणि द्युराँतीच्या छातीला किरकोळ जखम झाली. वाकलेल्या पात्यांच्या या नोंदीत शाळेतली सफाई कितपत दिसते, ते वाचकाने स्वतःच पडताळावे.