सिस्टर, म्हणजे चर्चची नन, व्हावंसं वाटतंय? आधी हे करून बघ

लगेच घरी जाहीर करू नकोस, आधी काही महिने रोज ठराविक वेळ शांत बस, मी ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाल्यावर मागच्या बाकावर बसायचे, बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असायचे तरी आत बरं वाटायचं. ते बरं वाटणं टिकतंय का, वहीत लिहून ठेव. लग्न मोडलं किंवा घरात भांडण झालं म्हणून जायचं असेल तर थांब, ते पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, नाही गं. मग अनुभवी सिस्टरशी बोल, कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टर राहतात त्या मठात, चार दिवस राहून ये, भांडी घास, म्हाताऱ्या सिस्टरांना जेवण भरव, खरं तिथेच कळतं.

हॅबिटचं, म्हणजे सिस्टरांच्या पोशाखाचं, म्हणशील तर मलाही आधी त्याचंच आकर्षण होतं. पण फ्रान्सिस्कनांच्या, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्यांच्या, कमरेच्या दोरीच्या तीन गाठी बघ, दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं, कमरेला बांधून रोज फिरायचं. मदर तेरेसांच्या सिस्टरांची तर निळ्या काठाची साधी पांढरी साडीच असते.

आणि घाबरू नकोस, नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा तयारीचा काळ, कमीत कमी १२ महिने असतं, मग निदान ३ वर्षं तात्पुरती व्रतं, ती मुदत संपली की परत येता येतं.