तरणा, दमदार कुत्रा दुसऱ्याला देताय? या चुका टाळा

"मळ्यात द्या की, मोकळा फिरंल." बादलला सांभाळणं जमेना तेव्हा भेटेल त्यानं मला हेच सांगितलं, आणि मी ऐकलं. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी चूक तीच.

बादल १४ महिन्यांचा कारवानी. मुधोळकडचं हे कुत्रं माळावर नजरेनं सावज हेरून त्याच्यामागं धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्या आणि वरची गच्ची त्याला कुठली पुरायला? चपला झाल्या, गादी झाली, शेवटी दाराची चौकट कुरतडायला घेतली. कागलकडच्या एका ओळखीच्या मळ्यात सोडून आलो. नवव्या दिवशी फोन आला, कोंबड्या मारल्या म्हणून. जाऊन बघतो तर पाण्याच्या मोटारीच्या खोपटाला दोन हात साखळीनं बांधलेला, मान सोललेली. मळा पाच एकरांचा, त्याच्या वाट्याला दोन हात.

यात मळेवाल्याचं फार चुकलं असं मला वाटत नाही. ऊस उभा असला की मळ्यात पळायला जागा नसतेच. तोड लागली की टोळी येते. तिच्याबरोबर बैल, शेरडं, कोंबड्या, लहान पोरं. मग कुत्रं बांधावंच लागतं. रात्री माणसं गावात झोपायला जातात आणि ते एकटं राहतं. अशा कुत्र्याला जागेपेक्षा काम लागतं, आणि काम देणारं माणूस लागतं. म्हणून मळा किती एकर हे विचारू नका. रात्री तिथं कोण झोपतं आणि कुत्रं कुठं झोपणार, एवढं विचारा. उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर तिथंच थांबा.

बादलला परत आणलं आणि जाहिरात दिली. दुसरी चूक त्या जाहिरातीतली. "शांत आहे, मुलांत रमतो" असं मी लिहिलं होतं. खरं असं लिहायला हवं होतं: कोंबडी, मांजर दिसली की सुटतो, एकदा धावायला लागला की हाक कानात शिरत नाही, घरात एकटा राहिला की लाकूड कुरतडतो. असं लिहिल्यावर फोन कमी येतात, पण जे येतात ते कुत्रं परत आणून सोडत नाहीत.

"ससा धरतो का?" असं विचारणारे हमखास भेटतील. फोन ठेवून द्या. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि शिकारीत जायबंदी झालेल्या कुत्र्याचं पुढं काय होतं ते कुणी सांगत नाही. "जोड लावायला पाहिजे" म्हणणारेही येतात. त्यासाठी नसबंदी उरकूनच कुत्रं द्या. निम्मी गर्दी आपोआप पांगते.

कंटाळून रस्त्यावर सोडणारेही आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात उपासमार होईल असं जनावर सोडून देणं गुन्हा आहे, अवाजवी आखूड साखळीला तासन्‌तास बांधणंही. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात आपल्याकडं धड मिसळही येत नाही, तर धाक कुणाला बसणार?

भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पळतात, त्यांना द्यावा असं कुणाच्याही मनात येईल. जोडी जमते खरी. पण पोरगं भरती झालं की ट्रेनिंगला जाणार. त्यामुळं कुत्रं बघायला त्याला एकट्याला बोलावू नका, त्याच्या आईलाही बोलवा. मागं सांभाळायचं तिलाच आहे. बादल शेवटी असाच एका घरी गेला. आईनं आधी त्याचा दात बघितला, मग चहा घेतला.

देण्याआधी एक करून बघा, जे मी केलं नाही. साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत हे वय दांडगाईचंच असतं. तीन आठवडे पहाटे ऊन चढायच्या आत पळवा, आणि संध्याकाळचं खाणं ताटलीत न देता घरात, गच्चीवर लपवून हुडकायला लावा. नाक चालवूनही असं कुत्रं चांगलंच दमतं. वाढत्या वयात डांबरावरची लांब धाव मात्र नको, सांध्यांना त्रास होतो. एवढं करूनही भागलं नाही तर खुशाल नवं घर शोधा.

सोपवताना रेबीजच्या नोंदीसह लसीचं पुस्तक, आठवडाभराचं नेहमीचं खाणं आणि त्याच्या वासाची, न धुतलेली गोधडी द्या. जमलं नाही तर कुत्रं तुमच्याकडंच परत यायचं, हे कागदावर लिहून घ्या.

आता गळपट्टा. कारवान्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद. मागं जोर लावला की साधा पट्टा कानांवरून निसटतो. छातीला बसणारा पट्टा वापरा, आणि पहिले काही आठवडे उघड्यावर दोरी सोडूच नका. तरीही निसटलाच तर मागं धावू नका, त्याला तो खेळ वाटतो आणि तुम्ही हरणार हे ठरलेलं. उलट्या दिशेनं चाला किंवा खाली बसा. दिसेनासा झाला तर गोधडी दारात टाका, पाणी ठेवा, आणि आसपासच्या दूधवाल्यांना फोटो पाठवा. पहाटे गल्लीबोळात तेच फिरत असतात.