चारसूत्री, एसआरआय की बिनचिखलणी? आधी खाचरातलं पाणी बघा

मावळ, मुळशी, भोरकडे भातलावणीची पद्धत निवडताना बहुतेक जण एकरी उत्पादनाचे आकडे विचारतात. त्याआधी एक गोष्ट तपासा. जोराचा पाऊस उघडल्यावर खाचराचं तोंड फोडलं, तर दुसऱ्या दिवशी पाणी निघून गेलेलं असतं का? की वरच्या खाचराचं पाणी येतच राहतं? पद्धत ठरते ती इथे.

बियाणं कुठल्याही पद्धतीत आधी निवडून घ्या. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता. वर तरंगणारं पळंज, म्हणजे पोकळ बी, काढून टाका, तळाचं बी साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि सावलीत २४ तास वाळवा. धुण्यात कसूर झाली तर मिठामुळे उगवण मार खाते.

पाणी काढता येत असेल तर एसआरआय

एसआरआय म्हणजे कमी बी, कोवळं रोप आणि कमी पाण्यावरची भातलावणी. एकरी २ किलो बी पुरतं. ८ ते १२ दिवसांचं, दोन पानांवरचं रोप मुळाच्या मातीसकट उचलून २५ बाय २५ सेंमीवर एकेक लावायचं. जमीन ओली हवी, तुंबलेली नको. दहाव्या दिवसापासून दर दहा दिवसांनी कोनो विडर, म्हणजे ओळींतून ढकलायचं तण काढण्याचं अवजार, फिरवावा लागतो, कारण उभं पाणी नसल्याने तण जोमात येतं. एक पाळी चुकली की पुढची हाताने खुरपावी लागते. खेकड्यांचा त्रास असलेल्या बांधालगत ही पद्धत करूच नका. चुडात, म्हणजे एका जागी लावलेल्या जुडीत, एकच रोप, ते खेकड्याने कापलं की तिथे नांगी, म्हणजे रिकामी जागा, पडली.

पाणी वाहतं असेल तर चारसूत्री

पश्चिमेच्या पट्ट्यातल्या बहुतेक खाचरांना हीच बसते. पाणी बांधावरून बांधावर उतरतं आणि फोकलेला युरिया त्याच्याबरोबर खालच्या शेजाऱ्याकडे जातो. भात त्याचं हिरवंगार, पैसे तुमचे! तुसाची राख, हिरवा पाला, दोरीवरची लावणी आणि खताची गोळी ही यातली चार सूत्रं. चारसूत्रीत खत चिखलात खोल जातं, म्हणून ते टिकतं.

रोपवाटिकेत राब भाजण्याऐवजी, म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर शेणखत-पालापाचोळा जाळण्याऐवजी, भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा. तूस पांढरी राख होईपर्यंत जाळू नका. जास्त तापलं की त्यातली सिलिका रोपाला सहज मिळेनाशी होते. राब भाजल्याने तणाचं बी मरतं हे खरं, पण त्यासाठी शेणखत आणि पालापाचोळा जाळायचा, हा महागाचा सौदा आहे.

चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला ३० किलो गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला खाचरात पसरा. फांद्याच टाका, दिवसभरात पानं गळतात, मग काड्या सरपणाला उचला. पाला टाकून लगेच आवणी, म्हणजे रोपांची लावणी, केली तर तो कुजताना रोपं पिवळी पडतात.

दोरीवर १५ आणि २५ सेंमीच्या आलटून पालटून खुणा करा, रंगीत चिंध्या बांधल्या तरी चालतं. ओळीही तशाच धरायच्या, दोन ओळी १५ सेंमीवर आणि पुढची २५ वर. चुडात दोन-तीन रोपं लावली की चार चुडांचे चौकोन तयार होतात. आवणीच्याच दिवशी १५ सेंमीच्या प्रत्येक चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंमी खोल खोचा. गुंठ्याला सुमारे ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत. चालायचं फक्त २५ सेंमीच्या वाटेने. चौकोनात पाय पडला तर गोळी हलते.

चुका बहुधा गोळीतच होतात. कंटाळून ती वरवर दाबली तर फोकलेल्या युरियासारखीच वाया जाते. चुडाला चिकटून टाकली तर मुळं करपतात. पोतं उघडं ठेवलं तर पावसाळी हवेत गोळ्यांचा लगदा होतो. वरून पुन्हा युरिया दिलात तर भात लोळतं आणि करपा रोगालाही आमंत्रण मिळतं. पाणी झटकन मुरणाऱ्या हलक्या, वाळूसर जमिनीत मात्र या पद्धतीचा फायदा कमी.

माणसंच मिळत नसतील तर

नेरळकडून आलेलं सगुणा राइस तंत्र बघा, हीच बिनचिखलणी. कायमच्या गादीवाफ्यांवर साच्याने २५ सेंमीवर भोकं पाडून बी टोकायचं. चिखलणी नाही, आवणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. मजुरी वाचते, पण तणनाशकावर अवलंबून राहावं लागतं. टोकणीनंतर लगेच मुसळधार पाऊस झाला तर बी वाहतं किंवा कुजतं.

सगळं शेत एकदम बदलू नका. एकाच वाणाचे दोन गुंठे शेजारीशेजारी, एक जुन्या पद्धतीने, एक नव्या. गडीबायांचे रोज वेगळे लिहून ठेवा. भात वाळवून, उफणून मगच तोला, ओल्या भाताचं वजन फसवं असतं.