कॉम्प्युटर खरंच चीटिंग करतोय का? आधी खोड शोधा, मग हरवा

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी त्याला चार पावलं चालवून बघतो, मानेवरून हात फिरवतो, खोड कुठं आहे ते शोधतो. गेममधल्या कॉम्प्युटरशी भिडतानाही हेच करायचं. तो अन्याय करतो हे बऱ्याचदा खरं असतं, पण त्याचा अन्याय दर वेळी एकाच पद्धतीचा असतो. ती पद्धत कळली की तो पुढं काय करणार हे आधीच सांगता येतं. मात्र रागाच्या भरात काढलेला निष्कर्ष जवळपास नेहमीच चुकतो, म्हणून सुरुवात मोजण्यापासून.

लुडोचा फासा

सगळ्यात जास्त तक्रार मोबाईलवरच्या लुडोची. "कॉम्प्युटरला पाहिजे तेव्हा सहा पडतो, आपली सोंगटी घरातून निघत नाही." तपासायला वही-पेन पुरे. दोन रकाने आखा, एक आपला आणि एक कॉम्प्युटरचा. प्रत्येकाचे ३०० फासे लिहून काढा. तीन-चार डावांत एवढे होतात. सहा पडल्यावर मिळणारा जादा फासाही धरायचा. मोजणी डावाच्या पहिल्या फाशापासूनच सुरू करा. निम्मे लोक इथंच चुकतात: वाईट दिवस सुरू झाल्यावर वही उघडतात, मग वहीत वाईटच उतरतं.

३०० फाशांत सरासरी ५० षटकार यायला पाहिजेत. फासा पूर्ण सरळ असला तरी आकडा मागेपुढे होतो; ३७ ते ६३ च्या मधला कोणताही आकडा आला तर शंका घेण्यासारखं काही नाही. बाहेर गेला तर आणखी ३०० मोजा. दोन्ही वेळा एकाच बाजूला बाहेर गेला, तरच फाशात खोट आहे असं म्हणता येतं.

सलग २० फाशांत एकही सहा न पडण्याची शक्यता २.६ टक्के आहे. हे अशक्य वाटतं, पण चौघं खेळत असतील तर चौघांपैकी कुणाच्या तरी पहिल्या २० फाशांत सहा न येण्याची शक्यता १० टक्क्यांवर जाते. म्हणजे दहा डावांतून एकदा कुणीतरी रडकुंडीला येणारच, आणि त्याला तो डाव वर्षभर आठवणार.

एक बारीक गोष्ट राहते. षटकारांची संख्या बरोबर असूनही फासा नेमका सोंगटी मारायच्या वेळी हवा तो पडत असेल तर? त्यासाठी तिसरा रकाना करा. कॉम्प्युटरची एकच सोंगटी तुमच्या एकाच सोंगटीच्या सहा घरांच्या आत मागे आहे, अशी प्रत्येक वेळ लिहा आणि नेमका आकडा पडला की नाही ते लिहा. सहातून एकदा पडणं रीतीचं. ६० संधींत १० च्या आसपास आकडा असेल तर फासा सरळ आहे.

भिंतीमागे जाऊनही गोळी लागते तेव्हा

शूटर गेममध्ये "मी आडोशाला पोचलो होतो, तरी मेलो" हे चीटिंग असेलच असं नाही. बऱ्याच गेममध्ये सर्व्हर गोळी मारणाऱ्याच्या स्क्रीनवर काय दिसत होतं ते धरून निकाल देतो. सेकंदाला सहा मीटर धावणारा खेळाडू १२० मिलिसेकंदांत पाऊण मीटरच्या आसपास पुढं जातो. तुमच्या स्क्रीनवर तुम्ही भिंतीआड असता, त्याच्या स्क्रीनवर खांदा अजून बाहेर असतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, ५० च्या आत असेल आणि तरी हे सतत होत असेल, तर समोरच्याचा व्हिडिओ रेकॉर्ड करून गेममधूनच रिपोर्ट करा. पिंग १०० च्या वर असेल तर आधी जागा बदला. पत्र्याच्या खोलीत मोबाईलची रेंज फार पडते. खिडकीशी किंवा ओसरीत बसल्यानं पिंग उतरतो. आणि अशा वेळी कोपऱ्यावर थांबून वाट बघण्यापेक्षा आपण निघून गोळी मारणं फायद्याचं, कारण उशीर मग समोरच्याच्या वाट्याला येतो.

बटण वाचणारा पैलवान

फायटिंग गेमचा कॉम्प्युटर बऱ्याचदा तुमची हालचाल बघून उत्तर देत नाही, बटण दाबलं गेल्याची नोंद वाचून देतो. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये तर आणखी एक सवलत होती: माणसाला गाइल हे पात्र घेऊन सॉनिक बूम हा लांबून सुटणारा वार मारायचा तर आधी मागची दिशा दाबून धरावी लागते, कॉम्प्युटरचा गाइल पुढं चालता चालता मारतो.

हे डोळ्यांनी पकडता येतं. गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवत चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. माणूस बघून प्रतिक्रिया देतो त्याला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. मोबाईलचा स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा, फोन स्थिर उभा करा आणि स्क्रीनवरची दोन्ही पात्रं त्यात येऊ द्या. लांबून फायरबॉल मारा. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं सरकवत बघा: तुमच्या पात्राचा हात हलायला लागला ती फ्रेम आणि कॉम्प्युटरनं उडी घ्यायला सुरुवात केली ती फ्रेम. मधल्या फ्रेम मोजून ४ नं भागा. उत्तर २-३ आलं तर तो बटण वाचतोय. १२ च्या वर आलं तर निदान माणसासारखा खेळतोय. बटण दाबल्यापासून मोजू नका. टीव्ही चित्र दाखवायलाच काही फ्रेम उशीर करतो आणि हिशोब बिघडतो. टीव्हीत गेम मोड असेल तर तो लावा, उशीर कमी होतो. दहा वेळा मारून बघा, एका वेळेवर विश्वास ठेवू नका.

बटण वाचतोय हे ठरलं की डाव उलटा टाकायचा. कुस्तीत हूल देतात तशी इथं बटणाची हूल द्यायची. फायरबॉल मारला की तो उडी घेणार हे ठरलेलं. म्हणून फायरबॉल लागावा म्हणून मारायचाच नाही, उडी घ्यायला लावायला मारायचा. र्‍यू हे पात्र घेतलं असेल तर उडी खाली येताना शोर्‍युकेन, म्हणजे त्याचा उसळून मारलेला बुक्का. जवळ असाल तर हवेत रिकामी किक मारून त्याला उत्तर द्यायला लावा, त्याचा वार हुकला की तो परत सावरेपर्यंतची वेळ तुमची. आणि सगळ्यात कठीण गोष्ट: काही वेळा काहीच दाबू नका. ज्याला वाचायला बटणच मिळत नाही, तो स्वतःहून पुढं येतो. नवी पोरं इथं मार खातात, कारण घाबरलं की सगळी बटणं एकदम दाबली जातात आणि कॉम्प्युटरला प्रत्येक बटणाचं उत्तर तयार मिळतं.

मुस्तफा आणि उभी रेष

१९९३ चा कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स आपल्याकडं त्या नावानं कुणी ओळखत नाही. तो पिवळ्या टोपीवाल्यामुळं सगळीकडं मुस्तफाच. यातला अन्याय गर्दीचा आहे. तिघं पुढून, दोघं मागून, एखादा स्क्रीनच्या बाहेरून.

यावरचा तोडगा जमिनीच्या खोलीत आहे. अशा गेममध्ये वार बहुतेक आडव्या रेषेत लागतो. तुम्ही आणि शत्रू एकाच ओळीत असाल तरच. म्हणून सरळ चालत जाऊ नका. ओळ सोडून वर किंवा खाली राहा, तिरकं उतरत शत्रूच्या ओळीत या आणि त्याच क्षणी मारा. शत्रू तुमच्या ओळीत येण्यासाठी उभा सरकत असतो तेव्हा तो मारत नसतो, ती वेळ धरा. सगळ्यांना एकाच बाजूला ठेवणं महत्त्वाचं: कुणी मागं गेला की मारामारी सोडून त्याच्याही पलीकडं जा, म्हणजे परत सगळे एका अंगाला. मुस्तफा वेगवान आहे म्हणूनच घ्यायचा. पुढची दिशा दोनदा झटकन दाबून पळायचं, पळता पळता किक, लगेच ओळ बदलायची. बुचर नावाचा मोठा शत्रू दोन्ही हातांत सुरे घेऊन येतो, त्याच्यासमोर उभं राहून बुक्के मारत बसलात तर कॉइन गेलाच समजा. मारा आणि ओळ सोडा, एवढंच.

वार आणि उडी एकत्र दाबल्यावर सुटणारा गोल फटका एनर्जी खातो. तो वेढल्यावर सुटका करून घ्यायला आहे.

गाड्यांचा रबर

बऱ्याच रेसिंग गेममध्ये कॉम्प्युटरच्या गाड्यांना तुमच्याशी अदृश्य रबर बांधलेला असतो. तुम्ही पुढं गेलात की त्या वेगवान होतात, मागं पडलात की रेंगाळतात. तपासायचं असेल तर शर्यतीत पाच सेकंद मुद्दाम थांबा आणि पुढच्या गाडीशी अंतर किती सेकंदांत भरून येतं ते बघा. सहज भरून आलं तर रबर आहे.

मग पहिल्या फेरीत जीव तोडून पळण्यात अर्थ नाही, कारण मिळवलेली आघाडी गेम परत काढून घेतो. शेवटच्या फेरीच्या मध्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर राहा, नायट्रो (वेगाचा जादा झटका) भरलेला ठेवा, शेवटच्या सरळ रस्त्यावर सोडा. रबराला ताणून परत यायला वेळच मिळत नाही. २००५ च्या नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेडसारख्या गेममध्ये क्विक रेसच्या सेटिंगमध्ये कॅच अप नावाचा पर्याय आहे, तो बंद करून सराव करा, म्हणजे आपण खरे किती पाण्यात आहोत ते कळतं.

स्ट्रॅटेजी गेमबद्दल थोडक्यात. तिथं वरच्या पातळ्यांवर कॉम्प्युटर हुशार होत नाही, त्याला जास्त माल मिळतो. स्टारक्राफ्ट २ हे उघड सांगतो: वरच्या तीन पातळ्यांचं नावच चीटर आहे, सगळा नकाशा दिसणं आणि जास्त संपत्ती मिळणं अशा सवलती त्याला तिथं असतात. सिव्हिलायझेशन ६ च्या डीटी या सगळ्यात अवघड पातळीवर तुम्ही एका सेटलरनं (शहर वसवणाऱ्यानं) सुरू करता, तो तिघांनी. अशांशी सुरुवातीच्या शर्यतीत उतरू नका. अरुंद वाटेवर बचाव करा, त्याला सैन्य ओतू द्या, मग उलट चाल करा.

जिथं मिशनच वैरी असतं

जीटीए व्हाइस सिटी या गेममधलं खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन अजूनही लोकांना छळतं. घड्याळ मिशन सुरू झाल्यावर चालू होत नाही, पहिला बॉम्ब उचलल्यावर होतं. म्हणून बॉम्बला हात न लावता आधी रिकामं हेलिकॉप्टर इमारतीत न्या, जिन्यांची वाट पाठ करा, कामगार आणि गार्ड पात्यानं साफ करा. मग चारपैकी पहिला बॉम्ब सगळ्यात वरच्या मजल्यावर, कारण लांबची फेरी घड्याळ ताजं असताना परवडते. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर कंट्रोल सेटिंगमध्ये जाऊन आधी कीज बदलून घ्या. कित्येकांचं मिशन निव्वळ यामुळं अडलेलं असतं.

जीटीए सॅन अँड्रियासच्या रेल्वेच्या मिशनमध्ये रेल्वेला चिकटून बाइक चालवली की मागं बसून गोळ्या मारणाऱ्या बिग स्मोकला डब्याच्या छतावरची माणसं दिसतच नाहीत. रुळांपासून उजवीकडं अंतर ठेवा, वेग रेल्वेइतकाच ठेवा, पुढं पळू नका. समोरून दुसरी रेल्वे येते, तेव्हा रुळांवर असाल तर संपलं.

आपण वापरतो तो एक्स्प्लॉइट

एक्स्प्लॉइट म्हणजे गेममधल्या खोटीचा फायदा उठवणं. टीव्ही गेमच्या कॅसेटमधला मारिओ, वर्ल्ड ३-१. शेवटच्या पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात. पहिलं सोडून द्या. दुसरं पायरीवर असताना त्याच्यावर उडी मारा, कवच झालं की त्याच्या डाव्या अंगावर पडा. कवच पायरीला आपटून परत पायाखाली येतं, मारिओ उसळतो, परत पडतो. जमीन न लागता हे चालू राहिलं की गुण वाढत जातात आणि मग प्रत्येक उसळीला एक लाइफ. उडी फार उजवीकडं पडली की कवच निसटतं. मग कासव परत आणायचं तर पुन्हा खेळत तिथवर यायचं.

पण शंभराच्या आत थांबा. लाइफचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला आहे आणि १२७ च्या पुढं गेला की गेम तो उणे समजतो. मग पहिल्याच मरणाला गेम ओव्हर. स्क्रीनवर ९ नंतर दशकाच्या जागी मुकुटासारखी खूण येते, म्हणून स्क्रीन बघून मोजता येत नाही, आवाज मोजा.

गल्लीत किंवा गणपतीत स्पर्धा ठेवताना एक्स्प्लॉइटचा वाद हटकून होतो. नियम खेळ सुरू होण्याआधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गेमचा बिघाड वापरणं, म्हणजे पात्र भिंतीत अडकवणं किंवा न संपणारा कॉम्बो (सलग जोडलेले वार) लावणं, बंद. मुद्दाम पॉज केला तर तो राउंड समोरच्याला. पण टेकन या फायटिंग गेममध्ये कुणी एडी हे पात्र घेऊन खालच्या लाथा मारत राहिला तर ते चालू द्या. तिरकं खाली-मागं दाबून ती लाथ अडवता येते आणि अडवल्यावर उलट मारता येतं. लाइट गेली तर तो राउंड नव्याने, आधी जिंकलेले राउंड कायम. एवढं आधी लिहिलेलं नसेल तर निकाल आवाज मोठा असणाऱ्याच्या बाजूनं लागतो.